परक्याचा शब्द आणि कागदाची अट

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी सरली म्हणजे गावोगाव मंडई भरते. मंडईबरोबर पाहुणे येतात, नाटके होतात, सोयरिकी जुळतात आणि वर्षभर रेंगाळलेले देणेघेणेही उरकते. दोन वर्षांमागे अशाच मंडईच्या दिवसांत सालेकसा तालुक्यातील एका लहान मंडळीच्या उपदेशकांनी आम्हांस निरोप धाडला, की मंडळीतील एका वृद्ध बंधूंस आपली बंदूक विकावयाची आहे, गिऱ्हाईक ओसरीवर बसले आहे, सौदा एका बाबीवर अडला आहे, तरी आपण येऊन दोन शब्द सांगावे. बंदुकीच्या सौद्यात पाळकाचे काय काम, असे मनात येऊन आम्ही प्रथम हसलो. परंतु तेथे जाऊन बसल्यावर जो प्रश्न पुढे आला तो आमच्या सर्व वाचकांच्या नित्य व्यवहाराचा आहे असे दिसून आले, म्हणून तो येथे मांडीत आहो.

हे वृद्ध बंधू रानालगत शेती करणारे. ज्यांची बांधी जंगलाच्या कडेस आहे त्यांस रानडुकरे म्हणजे काय हे सांगावयास नको. लोंबी भरत आलेले धान एका रात्रीत लोळविले जाते आणि सकाळी धनी बांधावर उभा राहून पाहत राहतो. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी परवाना काढून एकनळी बंदूक घेतली होती. तिने त्यांनी डुकरे मारली असे नव्हे. त्यास वनखात्याची वेगळी परवानगी लागते. माळ्यावर बसून हवेत एखादा बार काढावा, एवढेच. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, मुलगा नागपुरास नोकरीला, आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठी गोंदियास हेलपाटे घालण्याची व निवडणूक आली की बंदूक ठाण्यात नेऊन ठेवण्याची शक्ती अंगात उरलेली नाही. तेव्हा ती विकून मोकळे व्हावे असा त्यांचा विचार.

गिऱ्हाईक लांजीकडचे, म्हणजे सीमेपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातले. मध्यम वयाचा, नीटनेटका, बोलण्यात मर्यादशील असा तो शेतकरी होता. त्यालाही डुकरांचाच जाच. अठरा हजार रुपये त्याने रुमालात बांधून आणले होते. परवाना आहे, पण तो घरी राहिला, असे तो म्हणत होता. मुलाने दूरध्वनीवरून बापास बजावले होते, की परवाना डोळ्यांनी पाहिल्यावाचून व ठाण्यात लेखी कळविल्यावाचून बंदूक हातची सोडू नका. तेथे सौदा अडला.

पाहुणा रागावला नव्हता, दुखावला होता. तो म्हणाला, "मी काय चोर दिसतो? रोख मोजून देतो आहे, गावात माझी ओळख आहे." आजोबा आमच्याकडे वळून म्हणाले, "पाळकसाहेब, मनुष्य चांगला आहे. दारी आलेल्याकडे कागद मागावयाचा म्हणजे मला लाज वाटते." आणि आमचे उपदेशक बंधू, जे वचनांत निपुण आहेत, त्यांनी तर शास्त्राधारच काढला. प्रभूने आपल्या शिष्यांस शपथेवाचून साधा होकार व साधा नकार बोलावयास शिकविले; मग ख्रिस्ती घरात शब्दावर विश्वास न ठेवता कागद मागणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय, असे त्यांनी विचारले.

प्रश्न खरा होता, आणि आम्हांस त्याचे उत्तर पुस्तकातून द्यावे लागले नाही, कारण त्याची किंमत आम्ही स्वतः पूर्वी मोजली होती. ते आता सांगतो, जरी सांगताना संकोच होतो.

आमच्याजवळ एक जुनी मोटारसायकल होती. ती आम्ही एका तरुणास विकली. तो परका होता, पण त्याची मुद्रा सरळ वाटली. खरेदीदार व विकणारा ह्या दोघांनी प्रपत्र २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात द्यावयाची असतात हे आम्हांस ठाऊक होते. त्याने म्हटले, "पुढच्या आठवड्यात करू," आणि आम्ही, पाळकाने माणसावर संशय घेऊ नये अशा मोठेपणाच्या भरात, मान हलविली. वर्ष गेले. एके दिवशी एक मनुष्य आमचे घर विचारीत आला. त्याच्या पत्नीस त्या गाडीने धडक देऊन पाय मोडला होता व चालविणारा पळून गेला होता. गाडी तोवर तिसऱ्या की चौथ्या हाती गेली होती, हे त्या तरुणासही धड सांगता येईना. सरकारी नोंदीत नाव आमचे. कायद्याने भरपाईचा भार नोंदीतील मालकावरच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तो पैशाचा भाग आम्ही यथाशक्ति सोसला. परंतु त्या मनुष्याने आम्हांस विचारले, "साहेब, तुम्ही गाडी कोणाला दिली?" आणि ह्या साध्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्हांस जे कळले ते असे. त्या तरुणावर विश्वास ठेवताना आम्ही समजत होतो, की हा आमचा व त्याचा दोघांचा प्रश्न आहे. त्याने फसविले तर नुकसान आमचे होईल आणि ते सोसण्यास आम्ही तयार आहो, ह्यातच आमचे औदार्य. परंतु नुकसान त्या बाईचे झाले. ती सौद्याच्या वेळी तेथे नव्हती. तिला आम्ही विचारले नव्हते. उदारपणाने जे आम्ही उधळले ते आमचे नव्हतेच, तिचे होते. आपल्या खिशातील पैसा परक्याच्या शब्दावर द्यावा; तो बुडाला तर क्षमा करावी, हे आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या हाडांची जोखीम आपण घेऊन मग क्षमाही आपणच करावी, हे कोणत्या न्यायाने?

मोटारसायकलीविषयी जर असे, तर बंदुकीविषयी किती अधिक. गाडी जाण्यायेण्यासाठी असते, धडक हा तिचा अपघात. बंदुकीचे कामच मुळी दूर उभ्या असलेल्यास लागणे हे होय. म्हणून बंदुकीच्या सौद्यात ओसरीवर दोघे दिसत असले तरी मनुष्ये तीन असतात. तिसरा कोण, हे आज कोणासच ठाऊक नसते. तो लांजीतील एखादा शेजारी असेल, घरातली सून असेल, पेटीचे कुलूप उघडे सापडलेले एखादे लेकरू असेल. कागद मागावयाचा तो पाहुणा खोटा आहे म्हणून नव्हे, तर त्या तिसऱ्याला आज ओसरीवर येऊन काही विचारता येत नाही म्हणून. त्याच्या वतीने कोणीतरी विचारले पाहिजे, आणि तेथे विकणाऱ्यावाचून दुसरे कोणी नसते.

आपल्या देशाच्या कायद्याचा रोख हाच आहे, हे आम्ही त्या दिवशी सर्वांस वाचून दाखविले. १९५९ चा शस्त्र अधिनियम खाजगी मनुष्यास आपली कायदेशीर बंदूक दुसऱ्या हक्कदार मनुष्यास विकण्याची मोकळीक देतो. त्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. मात्र दोन अटी आहेत. घेणाऱ्याचे नाव व पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास आधी लेखी कळवावे, आणि कळविल्यापासून निदान ४५ दिवस जाऊ द्यावे. शिवाय त्याच अधिनियमाच्या २९ व्या कलमात असे आहे, की समोरच्यास शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे ह्याची आधी खात्री करून न घेता जो ते त्याच्या हाती देतो तो गुन्हेगार होय. वाचकांनी ह्याकडे लक्ष द्यावे. मला ठाऊक नव्हते, हा बचाव तेथे चालत नाही. ठाऊक करून न घेणे हाच दोष. एकवीस वर्षांखालील मनुष्यास, अथवा हिंसेच्या गुन्ह्यात ठराविक शिक्षा झालेल्यास ती वर्षे लोटेपर्यंत, बंदूक देता येत नाही. आता हे चेहऱ्यावरून कसे ओळखावे? पाहुण्याची मुद्रा सरळ होती हे आम्हीही कबूल केले. आम्ही गाडी दिली तो तरुणही सरळच दिसत होता, आणि कदाचित होताही. गाडी पुढे कोणाच्या हाती गेली एवढेच त्याला कळले नाही.

येथे आमच्या लोकांच्या मनातील एक जुनी अढी सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. आमच्या पुष्कळ मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांनी कागद पाहिला तो सावकाराच्या हाती. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जाई, आणि मागाहून त्यावर काय लिहिले जाई हे बांधी गेल्यावर कळे. ज्यांनी कागदाने जमीन गमावली त्यांस तोंडचा शब्द अधिक पवित्र वाटावा ह्यात नवल नाही. ह्याच शस्त्राच्या बाबतीत सरकारचाही इतिहास काही स्वच्छ नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली जो शस्त्रांचा कायदा झाला त्यात देशी मनुष्यास परवाना लागे आणि गोऱ्यास सूट असे. तेव्हा तो कागद संशयाचाच होता, आणि संशयही कातडीच्या रंगावरून. लोकांस तो अपमान वाटला, आणि तो अपमानच होता.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की कागद मागणे हे आपोआप नीतीचे ठरत नाही. तो कोणाकडे मागितला जातो आणि कोण तो वाचू शकतो, हे पाहिले पाहिजे. पाहुणा लांजीचा म्हणून त्याच्याकडे मागावयाचा आणि गावच्या पाटलाच्या मुलास तसेच सोडावयाचे, तर तो लिटनसाहेबाचाच कागद झाला. म्हणून आम्ही आजोबांस म्हटले, प्रथम आपला परवाना आणून पाहुण्यापुढे ठेवा, बंदुकीवरील क्रमांक त्यातील क्रमांकाशी ताडून त्यास दाखवा. आपली बंदूक चोरीची नाही हे जाणण्याचा त्याचाही हक्क आहे. त्यांनी तसे केले. पाहुण्याचा चेहरा थोडा निवळला.

हा पेच आमच्या खेड्यापुरता नाही, हे कळल्याने उपदेशक बंधूंस आश्चर्य वाटले. अमेरिकेत खाजगी माणसांत बंदुकांची खरेदी-विक्री पुष्कळ चालते. तेथे परवानाधारक दुकानदारास गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासावी लागते; ब्रेडी कायदा म्हणून जो १९९३ साली झाला त्याने हे ठरले. परंतु एक खाजगी मनुष्य आपल्याच राज्यातील दुसऱ्यास विकतो तेव्हा मध्यवर्ती कायदा ही तपासणी मागत नाही. काही राज्यांनी आपापले कायदे करून ती लावली आहे, काहींनी नाही. जेथे नाही तेथे सर्व भार विकणाऱ्याच्या मनावर. कोणी ओळखपत्र पाहतो व विक्रीची चिठ्ठी लिहून सही घेतो. कोणी म्हणतो, कायदा मागत नाही तर मी का देऊ, आणि आपले नाव-गाव परक्याच्या खिशात ठेवावयास नाखूश असतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सास राज्यात मिडलंड व ओडेसा ह्या शहरांमध्ये एका मनुष्याने गोळ्या झाडून सात जणांचा प्राण घेतला. तो २०१४ साली दुकानात बंदूक घ्यावयास गेला असता तपासणीत नाकारला गेला होता. मग त्याने ती एका खाजगी विक्रेत्याकडून मिळविली. उलट स्वित्झर्लंडात, जेथे घरोघर बंदुका असणे नवलाचे नाही, परवाना न लागणाऱ्या शस्त्राच्या खाजगी विक्रीसही लेखी करार लागतो आणि तो दोघांनी दहा वर्षे जपून ठेवावयाचा असतो. तेथील शेजारी एकमेकांस चोर समजतात असे कोणी म्हणत नाही.

आणि दूर कशास जावे? ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा प्राण ज्या पिस्तुलाने घेतला गेला ते चालविणारा पुण्याचा मराठी मनुष्य होता. ते इटालियन बनावटीचे बेरेट्टा पिस्तुल अवघ्या दोन दिवसांपूर्वी ग्वाल्हेरात त्याच्या हाती आले. त्याच्याजवळ परवाना नव्हता. पिस्तुलावर क्रमांक कोरलेला होता, ६०६८२४. लोखंडावर आकडे होते. पण ते ज्याने दिले त्याने त्या आकड्यांपुढे घेणाऱ्याचे नाव लिहून कोणत्याही ठाण्यात कळविले नव्हते. ४५ दिवसांची आजची अट तेव्हा नव्हती, आणि ज्यांस वाईटच करावयाचे असते ते अटी मोडतात, हेही आम्ही जाणतो. असे म्हणणारे नेहमी भेटतात की दुष्टास कागद अडवीत नाही, अडतो तो सज्जनच. ह्यात बरेच तथ्य आहे. परंतु दुष्टालाही शस्त्र कोणीतरी देतो, आणि देणारा सर्वदा दुष्ट असतो असे नाही. बहुधा तो लाजाळू असतो, घाईत असतो, किंवा त्यास पैशाची नड असते.

उपदेशक बंधूंनी वचन काढले होते, म्हणून आम्हीही एक स्थळ त्यांच्या ध्यानास आणून दिले. यिर्मया संदेष्ट्याच्या ३२ व्या अध्यायात त्याने अनाथोथ येथील शेत विकत घेतल्याची हकीकत आहे. शहरास बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत, आणि विकणारा कोण, तर सख्खा चुलतभाऊ. रुपे सतरा शेकेल. अशा वेळी, अशा नात्यात, कागद कशास हवा होता? तरी त्याने खत लिहिले, साक्षीदार बसविले, रुपे तागडीत तोलून दिले, आणि खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि त्या मातीच्या भांड्यात ठेवविल्या, की पुष्कळ दिवस टिकाव्या. भावावर त्याचा अविश्वास होता असे तेथे कोठे दिसत नाही. तो कागद त्या दोघांसाठी नव्हता. ते दोघे गेल्यावर जे येतील त्यांच्यासाठी होता. आणि उघडी प्रत आमच्या मनास विशेष लागते. सावकाराचा कागद मोहोरबंदच असे.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे, की मंडळीतील कोणी असा व्यवहार करीत असता, मग तो बैलाचा असो, गाडीचा असो वा बंदुकीचा, आपण शब्दाच्या पावित्र्यावर प्रवचन न करता जवळ बसावे आणि कागद मोठ्याने वाचून दाखवावा, दोन्ही पक्षांस कळेल अशा बोलीत. पोवारी बोलणाऱ्यास पोवारीत, गोंडी बोलणाऱ्यास गोंडीत. ओळखपत्राची छायाप्रत देताना लोक भितात, आणि भीती रास्त आहे. त्या प्रतीवर आडवे लिहावे की अमुक तारखेच्या अमुक विक्रीसाठीच, आणि खाली सही करावी, म्हणजे ती दुसरीकडे वापरणे अवघड जाते. बंदुकीच्या बाबतीत घेणाऱ्याचा परवाना मूळ पाहावा, त्याची मुदत पाहावी, ठाण्यात दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका मनुष्यास दोनहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, तेव्हा त्याच्याजवळ आधी किती आहेत हेही विचारावे. विचारताना आवाज खाली ठेवावा. मनुष्याचा मान बहुधा प्रश्नाने जात नाही, विचारण्याच्या तऱ्हेने जातो.

त्या दिवशी पाहुण्याने सर्व ऐकून घेतले. चहा घेतला. परवाना घेऊन येतो, मग अर्ज करू, म्हणाला, रुमाल पुन्हा बांधला आणि मोटारीच्या वेळेस निघून गेला. तो परत आला नाही. त्याच्याजवळ परवाना नव्हताच, की ४५ दिवस थांबण्याचा त्यास कंटाळा आला, की आमच्या बोलण्याने तो मनातून अधिक दुखावला गेला, हे आम्हांस कळण्यास मार्ग नाही. तो अगदी सालस मनुष्य असावा असेच आम्हांस अजून वाटते. आजोबांनी पुढे बंदूक एका परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर दिली. तेथे अकरा हजारच आले. सात हजारांची तूट गरीब घरास थोडी नव्हे, आणि मंडळीत काही जण अद्याप म्हणतात की पाळकांनी म्हाताऱ्याचे नुकसान केले. आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही, कारण तूट झाली हे खरेच आहे.

आजोबांचे एका डोळ्याचे शस्त्रकर्म आता झाले आहे. ह्या कापणीच्या सुमारास आम्ही प्रार्थनेस गेलो असता ते ओसरीवर बसून बांधीकडे पाहत होते. पैशाविषयी ते काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "पाळकसाहेब, त्या लांजीच्या माणसाचे धान ह्या वर्षी डुकरांनी ठेवले असेल का हो?"